एक वाडगा चांगल्या कण्या

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… ओझेला! अगं, सकाळी नऊ वाजता सव्हानाहून फोन? कोण गेलं?… कोणीच नाही? मग ओरडतेस कशाला… हळू बोल ना. बहीण आहे मी तुझी, बहिरी नाही.

काय सापडलं?… कुठे, आमच्या कचऱ्यात?

हं… हं… हो… खरं आहे. हो म्हटलं ना, खरं आहे. पाकीट माझंच. ते नवीन आलंय ना, मक्याच्या झटपट कण्यांचं. वाडग्यात ओता, वर गरम पाणी घाला, झाली न्याहारी. ढवळायचं काम नाही. वर चित्रसुद्धा आहे, एक बाई हसतेय.

ओझे?… ओझे, तू रडतेस?… अगं, माझ्या कचऱ्यात बंदूक नाही सापडली, पाकीट सापडलंय… माहितीये, आपली आई काय म्हणाली असती ते. आई वर गेली. तिला तिथून माझा कचऱ्याचा डबा दिसत नाही.

पण सव्हानात तुला कळलं कसं? काल दुपारी तर कुत्र्याने डबा उलथवला… कोणी? पोस्टमास्तरच्या बायकोने?… तिने तिच्या नणंदेला… आणि नणंद तुझ्या शेजारी केस सेट करायला बसलेली. बरं झालं, म्हणजे आता दोन जिल्ह्यांत झालं. गव्हर्नरना राहिलं सांगायचं.

थांब. एक मिनिट थांब… मिस विलोडीन, तुमचा श्वास ऐकू येतोय मला… हो, गुड मॉर्निंग. गुडघा कसा आहे?… बरं बरं. ठेवा आता फोन. बहिणीशी बोलतेय.

…ठेवला वाटतं. काय करणार, एका तारेवर चार घरं. आणि सध्या चारही घरांत माझ्याइतकं मजेशीर कोणाचं चाललेलं नाही.

सासूबाई? आहेत ना. समोरच्या खोलीत, पलंगावर. आज बारावा दिवस… कोण म्हणालं गेल्या? काही गेल्याबिल्या नाहीत. तोच तर सगळा… अगं ऐक ना. ऐकशील का? पहिल्यापासून सांगते.

मागच्या, नाही, त्याच्या मागच्या मंगळवारी डॉक्टर आले. छाती तपासली आणि आमच्या हॉयटला बाजूला घेऊन कुजबुजले, एक्क्याण्णव वर्षांचं काळीज आहे, आता कधीही. म्हातारीने बरोब्बर ऐकलं. एरवी तिला चर्चची घंटा ऐकू येत नाही. उठून बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘मला एक वाडगा चांगल्या कण्या मिळू देत. एकच. त्या खाल्ल्या की मी निघाले. त्याआधी देवाने स्वतः गाडी पाठवली तरी मी बसायची नाही.’

हसू नकोस. तू हसतेस, इथे अख्ख्या गावाने खरं मानलंय! पास्टरनी रविवारी प्रार्थनेत सांगितलं, मिस टेम्पीचा देवाशी करार झालाय. आणि हॉयट, बासष्ट वर्षांचा माझा नवरा, आईच्या पायाशी बसून हुंदके देतो. वाडगा आत गेला की टोपी काढतो. वाडगा परत आला की टोपी घालतो. अकरा दिवस झाले, शेतात गेलेला नाही.

आणि डबे! अगं, माणूस जिवंत आहे, आणि दुखवट्याचे डबे यायला लागलेत. चमच्याने खायचा मक्याचा पाव, तीन घरचा. मक्याची खीर पाच घरची. सोललेल्या मक्याची उसळ तर बादलीभर. फ्रिज भरला, आता पियानोवर कोंबडी ठेवलीये. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव, भांडं परत जायला हवं ना. काल एक बाई आली आणि म्हणाली, ‘मिस टेम्पी या आठवड्यात जाणार नसतील तर माझं भांडं द्या, धाकटीचा वाढदिवस आहे.’

दिलं. म्हातारी आतून म्हणाली, ‘द्या तिचं तिला. नाहीतरी त्यात मीठ नव्हतं.’ सगळं चाखून बघतेय ती. ‘माझ्या मातीला आलेल्यांना हे वाढणार?’ म्हणते. मक्याच्या भज्यांतला कांदा बोटाने वर काढून पास्टरना दाखवला. एवढाले तुकडे, म्हणाली, हा कांदा चिरलाय की फोडलाय?

खड्डा खणणारा रोज दहाला मागच्या दाराशी येतो. ‘खाल्ल्या का?’ विचारतो. ‘नाही खाल्ल्या.’ ‘बरं. मग मासे धरायला जातो.’ त्याचं बरं चाललंय.

हो, मिस टेम्पी!… आले!… पाणी ठेवलंय चुलीवर, उकळलं की लगेच!… नाही, फोनवर नाही बोलत, पाण्याकडे बघतेय!

…हं, बोल. ते ऐकू आलं तिला, ‘फोन’ म्हणून.

काय खातेय म्हणजे? मी केलेल्याच खातेय. रोज सकाळी एक वाडगा. पूर्ण खाते, चाटूनपुसून. आणि मग वाडगा माझ्या हातात देऊन म्हणते, ‘ह्या काही त्या नव्हेत.’ सगळे श्वास सोडतात, पास्टर पुस्तक मिटतात, हॉयट टोपी घालतो. झालं, दुसऱ्या दिवसापर्यंत सुटी.

हो, बोलतात ना लोक. माझ्या तोंडावर बोलतात. एकेचाळीस वर्षं झाली या घरात येऊन, बाईला अजून कण्या येत नाहीत. बिचाऱ्या म्हातारीचा जीव अडकलाय हिच्या पातेल्यात. आज चार वाजता महिला मंडळाची बैठक आहे… माझ्यावरच. दुसरं काय काम आहे त्यांना. चर्चच्या वार्षिक रविवारच्या कण्या अकरा वर्षं मी करते ना, तीनशे माणसांच्या? ते वल्ह्याएवढं लाकडी उलथणं माझ्याकडे असतं. ते काढून घेणारेत. मिस विलोडीनकडे द्यायचं म्हणतात.

घेऊ देत. नाही, वाईट वाटतंच गं. वाटणार नाही का? पण घेऊ देत.

…काय झालंय मला? काही झालेलं नाही.

हो, येतात मला करायला… हो, अगं, तुझ्यापेक्षा बऱ्या येतात. रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी वर तरंगलेली टरफलं काढायची, पाण्यात चिमूट चिमूट सोडायच्या आणि तासभर जागचं हलायचं नाही. आईने आपल्या दोघींना एकाच चुलीवर शिकवलं. तू सारखी खिडकीबाहेर बघायचीस, तुझ्या लागायच्या. माझ्या कधी लागल्या?

मग काय मग?… ओझे, शपथ घे. कोणाला सांगणार नाहीस. केसांच्या दुकानात तर अजिबात नाही… आईची शपथ घे… हं.

मुद्दाम बिघडवते मी.

हो. मुद्दाम… अकराच्या अकरा दिवस.

हळू! कान फुटला माझा… अगं, पहिल्या दिवशी चांगल्याच केल्या होत्या. आयुष्यात झाल्या नसतील इतक्या चांगल्या. वर लोणी, मिरी. वाडगा घेऊन दारापर्यंत गेले. बघते तर खोलीभर माणसं, सगळ्यांच्या टोप्या हातात. पास्टर उभे. हॉयट रडतोय. आणि ती उशीला टेकून माझ्याकडे बघतेय, चमचा हातात धरून. मी चौकटीतच थांबले. म्हटलं, मी हा वाडगा तिच्या हातात दिला की संपलं. माझ्या हाताने संपलं. तशीच वळले, मागच्या अंगणात गेले, सगळ्या कोंबड्यांना घातल्या.

कोंबड्या ठणठणीत आहेत. एकही गेली नाही.

मग घाईघाईने दुसऱ्या केल्या. पाणी उकळलं की सगळ्या कण्या एकदम ओतायच्या आणि हात लावायचा नाही. लिंबाएवढ्या गुठळ्या होतात. आत कोरडं पीठ. तिसऱ्या दिवशी खालून करपवल्या. पाचव्या दिवशी… सांगू का? साखर घातली.

हो, साखर, मीठ-लोण्याच्या कण्यांत. ओझे?… ओझे, आहेस ना?… हो, चुकलं. ते मात्र चुकलं. तिचे डोळेच पांढरे झाले. मला वाटलं, साखरेनेच गेली. पास्टरनी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाली, ‘हे कोणी केलं?’ मी म्हटलं, हात चुकला मिस टेम्पी, डबा चुकला. ‘हं,’ म्हणाली. आणि उरलेल्या खाल्ल्या.

मग परवा ते पाकीट आणलं. बिघडवायच्या तरी किती रीती सुचणार माणसाला? गावातल्या दुकानातून नाही गं, वेडी आहेस का, अठरा मैल लांब जाऊन आणलं. डोक्याला रुमाल बांधून.

डॉक्टर म्हणतात, कण्यांनी कोणी मरत नाही न् जगत नाही. म्हणू देत. डॉक्टर शहरातले आहेत. मिस टेम्पी टायरेलने एकदा करीन म्हटलेलं केलं नाही, असं एक उदाहरण दाखव मला. जाईन म्हणाली ना, मग जाईल ती. वाडगा खाली ठेवेल आणि जाईल.

काय?… हो, छळलं ना. कोण नाही म्हणतंय? एकेचाळीस वर्षं रोज सकाळी माझ्या वाडग्यात बघून तोंड वाकडं केलंय. माझ्या लग्नातल्या केकला बोट लावून बघितलं होतं तिने. तुला आठवतंय, मलाही आठवतंय.

पण तुला ते दुसरं माहीत नाही. तू तेव्हा लहान होतीस. लग्नाचं पहिलं वर्ष, मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी हात टेकले. सतरा दिवस ती बाई माझ्या उशाशी बसली. मक्याच्या पिठाची पातळ पेज करायची, फडक्यातून गाळायची आणि चमच्या-चमच्याने माझ्या तोंडात घालायची. आणि दर चमच्याला टोमणा. ‘गिळ. तू मेलीस तर हॉयटला दुसरी बघावी लागेल, आणि तिला तर चूलसुद्धा पेटवता येणार नाही.’ सतरा दिवस. अठराव्या दिवशी मी उठून बसले, तर म्हणाली, ‘चल, बस झाली थेरं, कोंबड्या उपाशी आहेत.’ आणि परसात जाऊन रडली. मी बघितलं ना खिडकीतून.

मला ती हवी आहे गं, ओझे. दुसरं काही नाही. नावं ठेवू दे, गुठळ्या मोजू दे, पण त्या पलंगावर असू दे. तिला उपाशी ठेवत नाही मी. वाईट खायला घालते. त्यात पाप असेल तर माझ्या खात्यावर लिही म्हणावं देवाला…

…ते काय?

खट् झालं. ऐकलंस ना तू?… नाही, माझ्याकडे नाही, तारेत. आत्ता कोणीतरी फोन ठेवला. आत्ता! म्हणजे मघाशी ठेवलाच नव्हता. मिस विलोडीन?… मिस विलोडीन!

सगळं ऐकलं. देवा रे. साखरेचंसुद्धा ऐकलं.

थांब, खिडकीतून बघते… दार उघडलं त्यांनी… पायऱ्या उतरल्या… ओझे! पातेलं आहे हातात! टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं! अगं, त्यांच्या कण्या पहाटेपासून मंद आचेवर असतात, रोज. जिल्ह्याच्या जत्रेत नऊ वेळा पहिलं बक्षीस घेतलंय त्या बाईने. नऊ वेळा! गुडघा दुखतो म्हणे, बघ कशी पळतेय!

हॉयट! हॉयट, मागच्या दाराला कडी लाव! कडी!… का ते नंतर सांगते!… उघडू नकोस… हॉयट!

उघडलं. टोपी काढून ‘या’ म्हणाला… तो काय करणार बिचारा? अन्न घेऊन दारात आलेल्या माणसाला कोणी परत पाठवलंय या गावात? हॉयटच्या आजोबांचं घर पेटलं होतं, तेव्हासुद्धा आधी शेजारणीचा केक आत घेतला आणि मग पाणी आणायला धावले.

…या या, मिस विलोडीन! अगंबाई, कशाला एवढा त्रास घेतलात… छे छे, आम्हांला कसला त्रास… वाडगा? त्या कपाटात, उजवीकडे, निळ्या काठाचा घ्या… हो, लोणी टेबलावर आहे.

ओझे, वाडगा कुठे आहे ते मीच सांगितलं. माझ्या तोंडाने! आपल्याला काय शिकवून ठेवलंय गं आईने?

काय म्हणाल्या? मला जाता जाता म्हणाल्या, ‘मरणाऱ्या माणसाच्या शेवटच्या घासात गुठळ्या घालतेस, आयडेल? देवाला काय तोंड दाखवशील?’ आणि वाडगा घेऊन आत गेल्या.

हिसकावू कसा? पास्टर बसलेत तिथे. चर्चच्या गायक मंडळींपैकी चौघं बसलेत… हो, जाते, पण ही तार… दाराच्या चौकटीपर्यंत येते. नाही, ठेवू नकोस! तू ठेवू नकोस फोन. मी एकटी नाही बघू शकत हे. बोलू नकोस, नुसती रहा.

दिसतंय. हो, दिसतंय मला.

वाडगा हातात घेतला तिने. वास घेतला… चमच्याने वरून दाबून बघतेय. चमचा अलगद आत गेला गं. गुठळी नाही, काही नाही. दुधासारख्या आहेत.

पहिला चमचा… गिळला.

दुसरा. काहीच बोलत नाही. रोज पहिल्या चमच्याला काहीतरी बोलते. आज काहीच नाही… तिसरा… हॉयटने टोपी काढली. सगळे उभे राहिले… ओझे, भराभर खातेय ती. अशी खाताना मी कधी बघितली नाही.

वाडग्याचा काठ बोटाने पुसला. बोट चाटलं… रिकामा झाला. वाडगा रिकामा झाला, ओझे… पास्टरनी पुस्तक उघडलं.

डोळे मिटले तिने. हात पोटावर ठेवले, एकावर एक… मला चर्चमधून आल्यावर तिचे बूट काढायचे असायचे ना, तेव्हा अशीच पडायची… नाही गं, काही होत नाही मला, मी भिंत धरलीये. हॉयट बघ कसा… मी त्या पहिल्या दिवशीच्याच दिल्या असत्या तर? निदान माझ्या हातचं खाऊन तरी गेली असती…

…

ढेकर दिला.

अगं, ढेकर! तिने! जिवंत माणसाचा ढेकर!… डोळे उघडले. बोलतेय, थांब, ऐकू दे.

विचारतेय, ‘ह्या कोणी केल्या?’… मिस विलोडीन पुढे झाल्या, ‘मी, मिस टेम्पी.’ छाती बघ कशी फुगलीये… ‘बऱ्या आहेत.’ बऱ्या म्हणाली! ओझे, ती ‘बऱ्या’ म्हणाली! अख्ख्या जन्मात कोणाच्या… थांब, पुढे आहे…

‘बऱ्या आहेत, पण ह्या मी मागितल्या नव्हत्या.’

मिस विलोडीन म्हणतायत, तुम्ही चांगल्या मागितल्या होत्या ना?… ‘चांगल्या म्हणजे चांगल्या. आयडेलच्या. एकेचाळीस वर्षं खातेय त्या.’

माझं नाव घेतलं. ओझे, तिने माझं नाव घेतलं. आजवर ‘हॉयटची बायको’ म्हणायची, माझ्यासमोरसुद्धा… मिस विलोडीन? खाली बसल्या. खुर्ची नव्हती तिथे, आधार घ्यायला गेल्या तर पियानोवरच्या कोंबडीचं झाकण पडलं… जाऊ दे ते. त्या म्हणतायत, अहो पण ती तर मुद्दाम… मुद्दाम गुठळ्या घालते तुम्हांला, मी माझ्या कानांनी ऐकलंय…

म्हातारीने हात वर केला, गप्प म्हणून… माझ्याकडे बघतेय. मी फोन धरून चौकटीत उभी आहे, आणि ती सरळ माझ्याकडे बघतेय.

हो, मिस टेम्पी?… ऐकतेय, मिस टेम्पी… हो… बरं, मिस टेम्पी.

…

आहे. आहे मी फोनवर.

म्हणाली, ‘आयडेल, तुला काही घाई नाही.’

…हो. एवढंच. मग पास्टरना म्हणाली, पुस्तक मिटा, वारा लागतो. हॉयटला म्हणाली, टोपी घाल आणि शेतात जा. आणि कूस बदलून पडलीये, भिंतीकडे तोंड करून. हसतेय, नाहीतर खोकतेय, इथून कळत नाही.

माहीत होतं तिला सगळं. अकरा दिवस गुठळ्या गिळत होती म्हातारी, माहीत असून.

हो, रडतेय. रडू दे मला जरा… उलथणं? घेऊन जाऊ देत, मिस विलोडीननाच द्या म्हणावं, त्यांना आज काहीतरी मिळायला हवं… तू ये ना. खरंच ये, रविवारी ये. काळा ड्रेस नको आणूस, एप्रन आण.

आले, मिस टेम्पी!… हो, कळलं, आजचा वाडगा अजून राहिलाय!… पोट भरलंय तरी?… बरं बरं, करते!

ठेवते गं. पाणी उकळलंय, आता सगळ्या एकदम ओतायच्यात.